अर्धी घागर, दुप्पट दोर

॥ श्री ॥

पश्चिम मांबलम, चेन्नई
वैशाख वद्य षष्ठी, २००४

प्रिय यामिनी,

तुला आणि पोटातल्या बाळाला खूप आशीर्वाद. देवेशरावांना आशीर्वाद सांग, विहीणबाईंना नमस्कार.

बाबा आत्ता पुदुपेट्टैच्या भंगारबाजारात गेलेत. दोन बस बदलून जायचं, घासाघीस करायची आणि यायचं, म्हणजे जेवणवेळेपर्यंत काही येत नाहीत. तेवढ्या वेळात हे लिहून पोस्टाच्या पेटीत टाकायचं आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोन हॉलमध्ये, आणि मी उचलला की हे शेजारी खुर्ची ओढून बसतात. "विचार, झोप लागते का. विचार, पाय सुजलेत का." त्यांच्यादेखत मला जे बोलायचंय ते बोलता येत नाही. खालच्या बूथवरून बोलायचं तर मीटर पळत असतो आणि काचेबाहेर उभी असलेली माणसं तोंडाकडे बघतात. म्हणून लिहितेय. आंतर्देशीय पत्रात मावणार नाही, तेव्हा बाबांच्या जुन्या कागदांतले पाठकोरे घेतलेत, मागच्या बाजूकडे लक्ष देऊ नकोस. विषय काळजीचा आहे, हे आधीच सांगते, म्हणजे मधेच दचकायला नको. बाबांच्या छातीचं आहे. पण या घटकेला ते बरे आहेत, बसने गेलेत, सकाळी दोन वेळा चहा घेतलाय. तू आधी टेकून बस, पाय वर घे, आणि मग पुढे वाच.

इथल्या पाण्याचं तू फोनवर ऐकतेसच, पण ऐकणं निराळं. पोंगलपासून आपल्या बिल्डिंगची विहीर कोरडी आहे. बोअरला येतं ते इतकं खारट की तुळसदेखील करपली. नळ सोडला तर फुस्स करून वारा येतो. सगळी भिस्त पाण्याच्या लॉरीवर. ती कधी दिवसाआड येते, कधी दोन दिवस दडी मारते. लॉरी कोपऱ्यावर वळली की "तण्णी, तण्णी" असा पाण्याचा पुकारा होतो आणि सगळ्या गल्लीतल्या रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी धावत सुटतात. आपल्या घागरी रांगेत लावते ती तळमजल्यावरची अंबुजापाट्टी. तिचं ते तंजावरी मराठी, निम्मं पोथीतलं आणि निम्मं तमिळ, तू लहानपणी नक्कल करायचीस. ती आता सत्तरीची झाली, पण रांगेत तिच्यापुढे घुसायची कुणाची छाती नाही. मागे एका तरुणाने घागर पुढे सरकवली तर त्याला म्हणाली, "काय रे, तुझ्या आजीला आधी दे म्हणून शिकविलें नाहीं का तुझ्या आईनें?" आणि स्वतःचीच घागर पुढे केली.

पण पाणी खाली मिळून भागत नाही ना. आपण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांना दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं तेव्हापासून डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली आहे, जिना चढायचा तोही थांबत थांबत. माझा उजवा खांदा धरलेला, हात केसांपर्यंत जात नाही, वेणी डाव्या हाताने घालते. एक माणूस ठरवला होता घागरी वर आणून द्यायला. तो मनात येईल तेव्हा यायचा, आणि लॉरी आली की नेमका चार ठिकाणी हवा असायचा. एकदा त्याने पूजेच्या पाण्याच्या घागरीत चूळ भरताना मी पाहिलं. त्या दिवशी मी त्याचा हिशेब करून टाकला. आणि मग बाबांच्या डोक्यात कप्पी आली.

तुला सांगते, रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. जन्मभर क्रेनच्या विभागात काढलेला माणूस. पेपर वाचून संपला की दिवस कसा घालवायचा हा त्यांचा प्रश्न असायचा. आता गॅलरीच्या वर लोखंडी तुळई बसवून घेतली, तिला स्वतः लोंबकळून बघणार होते, मी ओरडले म्हणून राहिले. तिला कप्पी टांगली, नायलॉनचा दोर ओवला, खाली आकडा. अंबुजापाट्टीने घागर आकड्याला लावायची, बाबांनी वरून दोर खाली ओढायचा, मी घागर गॅलरीत घ्यायची. पहिली घागर वर आली तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी चक्क हात जोडले.

मग त्यांनी रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा मागून आणला. दोराच्या टोकाला काटा लावून ओढायचा आणि मी आकडा वाचायचा. घागरीसकट पाणी पंधरा किलो, आणि ओढावं लागत होतं सतरा किलोंनी. मी म्हटलं, "अहो, हे काय? वजनापेक्षा ओढच जास्त? मग कप्पीने काय केलं?" तर म्हणाले, "स्थिर कप्पी फक्त दिशा बदलते, जयवंती. वर उचलायचं ते खाली ओढायचं झालं, एवढाच फायदा. वरचे दोन किलो कप्पीने खाल्ले, घासण्यात." सतरा किलो म्हणजे डॉक्टरांचं ऐकण्यासारखं नव्हतंच. तेव्हा दोन दिवसांनी त्यांनी दुसरी कप्पी आणली, जुनी बिडाची, चांगली जड. ही वर टांगायची नाही, घागरीबरोबर वरखाली जाणारी. चल कप्पी. दोराचं एक टोक तुळईला बांधलेलं, दोर खाली चल कप्पीतून जाऊन परत वर, स्थिर कप्पीवरून हातात. म्हणजे घागर दोराच्या दोन पदरांवर टांगली गेली. ओढ अकरा किलोंवर आली. बाबा म्हणाले, "बघ. सतराचे अकरा."

तू नववीत असताना या कप्प्यांपायीच रडली होतीस, आठवतं का? गणितात जोर आणि काम यांची गल्लत करायचीस. बाबांनी तुझ्या झोपाळ्याच्या कडीवरून दोर टाकून त्याला माझा कुकर टांगला होता, आत डाळ होती, शिजलेली. तू दोराचं दुसरं टोक हातात धरून उभी राहिलीस, हात थरथरायला लागला, आणि बाबा म्हणाले, "आता तू किती काम केलंस?" तू म्हणालीस, "पुष्कळ." ते म्हणाले, "शून्य. कुकर जागचा हलला का? हलला नाही तर काम नाही." मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "मग मी दिवसभर या ओट्यापाशी उभी असते त्याचं काय हो?" तर दोघं हसलात. मी मॅट्रिकला हे सगळं शिकले होते, पण परीक्षा संपली तशी पुस्तकाबरोबर विसरले होते. त्या दिवशी पुन्हा शिकले. जोर गुणिले अंतर म्हणजे काम. घागरीवर झालेलं काम भागिले आपण केलेलं काम, गुणिले शंभर, म्हणजे कार्यक्षमता. मला त्यात गंमत वाटली, कारण आपल्या घरखर्चासारखंच ते. किती घातले आणि त्यातले किती कामी आले.

म्हणून या वेळीही मी कॅलेंडरच्या पाठीवर मांडून बघितलं. रस्त्यापासून आपली गॅलरी दहा मीटर. पंधरा किलो दहा मीटर चढले, म्हणजे घागरीचं काम दीडशे. बाबा म्हणाले, ज्यूल करायचे तर वर नऊ पॉइंट आठने गुणावं लागतं, पण टक्के तेच येतात, तेव्हा तो गुणाकार मी वाचवला. आता बाबांचं काम. ओढ अकरा. पण दोर? घागर दोन पदरांवर, तेव्हा घागर एक मीटर चढवायला दोर दोन मीटर ओढावा लागतो. दहाला वीस. अकरा गुणिले वीस, दोनशे वीस. दीडशे भागिले दोनशे वीस, अडुसष्ट टक्के. आणि आधीच्या एकट्या कप्पीला? सतरा गुणिले दहा, एकशे सत्तर. अठ्ठ्याऐंशी टक्के. मी ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि गुणाकार पुन्हा एकदा तपासला. मी तोवर समजत होते की कप्पी वाढली म्हणजे बाबांचं काम कमी झालं. ओढ कमी झाली होती, काम वाढलं होतं. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "अगं, फुकट काही नाही. जोर वाचवला की अंतर द्यावं लागतं. पण हृदयाला जोर कळतो, अंतर कळत नाही." हे त्यांना कुठल्या डॉक्टरने सांगितलं, ते मी विचारलं, तर दोराची गाठ तपासायला लागले.

आणि मग मी काय शहाणपणा केला, ऐक. अकरा किलोंची ओढसुद्धा मला जास्त वाटत होती. मी अंबुजापाट्टीला गुपचूप सांगितलं, घागर अर्धीच भरत जा. ती म्हणाली, "बरें," आणि भरू लागली. बाबांनी एकदा खाली डोकावून विचारलं, "पाट्टी, आज लॉरीवाला कंजूस झाला का?" तिने मान उडवली, मला धरून दिलं नाही. अर्ध्या घागरीला काटा साडेसहा दाखवायचा. मी मनात खूश, देवापुढे जादा वात लावली. आणि चारआठ दिवसांत बघते तर बाबा पहिल्यापेक्षा जास्त थकायला लागले. जेवताना मान खाली, दुपारी पडले की उठेनात. मला कळेना. मग पुन्हा पाठकोरा कागद घेतला. अर्धी घागर साडेसात किलो, दहा मीटर, पंचाहत्तर. बाबांचे साडेसहा गुणिले वीस, एकशे तीस. अठ्ठावन्न टक्केसुद्धा धड नाहीत. आणि तेवढंच पाणी आणायला खेपा दोन, म्हणजे दोनशे साठ. भरल्या एका घागरीला दोनशे वीस. का, तर ती बिडाची कप्पी! ती घागरीबरोबर दर खेपेला वर चढते. घागर भरलेली असो की अर्धी, तिचं वजन तेवढंच. पाव किलो साखर आणायला टी. नगरला बसने जायचं आणि दोन किलो आणायलाही बसने जायचं, तिकीट एकच. हे मी आयुष्यभर जाणते, आणि इथे मलाच ते दिसलं नव्हतं. मी त्यांना दर खेपेला लोखंड चढवायला लावत होते. दुसऱ्या दिवशी पाट्टीला सांगितलं, भर गं पूर्ण. तिने कपाळावर हात मारला. "अय्यय्यो, एकदां अर्धी, एकदां पूर्ण. तुझा जप चालला आहे की हिशेब?"

मग मी आणखी एक केलं, ते मात्र बरं झालं. समईचं तीळतेल घेऊन कप्प्यांच्या आसांना घातलं. मनात देवाला म्हटलं, तुझंच तेल आहे, तुझ्याच पूजेच्या पाण्याची घागर आहे, सांभाळ. काटा अकरावरून दहावर आला. दीडशे भागिले दोनशे, पंचाहत्तर टक्के. बाबांनी मला गॅलरीत उभं करून विचारलं, "काय केलंस?" मी सांगितल्यावर इतके हसले! "सात टक्के तुझ्या देवाने वाढवले. वर्कशॉपमध्ये असतो तर इन्सेंटिव्ह दिला असता त्याला." तो दिवस चांगला गेला, यामिनी. असे दिवस मधेच येतात म्हणून माणूस गाफील राहतं.

आता तुला एक सांगायचं राहिलंय, ते तुला फोनवर कुणी सांगितलेलं नाही. आम्हां दोघांना जेवढं पाणी लागतं, त्याच्या दुपटीने बाबा ओढतायत. तुझ्या खोलीत त्यांनी निळं पिंप आणून ठेवलंय, कोपऱ्यातल्या तुझ्या कपाटाजवळ. ते लॉरीच्या दर खेपेला भरतात आणि पुढच्या खेपेआधी ते पाणी कपडे-लादीला वापरून पुन्हा ताजं भरतात. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "रंगीत तालीम. बाळ-बाळंतीण आल्यावर जमतं की नाही ते तेव्हा बघायचं का?" तुझे दिवस भरतात ते अधिक श्रावणाच्या सुमाराला. पावसाचा इथे भरवसा नाही, आमचा पाऊस दिवाळीला. बाळंतिणीला रोज न्हाऊ घालायचं, बाळाला तेल लावून आंघोळ, दुपट्यांचा ढीग, सोयर फिटल्यावर सगळं घर धुवायचं. हे सगळं त्यांनी माझ्याकडून एकेक विचारून घेतलं, घागरींत मांडलं आणि म्हणाले, "होतंय." विहीणबाईंनी मागे फोनवर किती मोकळ्या मनाने म्हटलं होतं, इथे सांगलीला कृष्णेचं पाणी आहे, बाळंतपण आमच्याकडेच होऊ द्या, तुम्ही दोघं या. बाबा त्यांना काय म्हणाले ठाऊक आहे? "पहिलं बाळंतपण माहेरचं, विहीणबाई. अजून आमचे हात चालतात." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "एकुलती एक मुलगी. तिला पाणी नाही म्हणून येऊ नको सांगू? मग मी बाप कशाला?" खरं तर त्या वेळी मलाही बरं वाटलं होतं. तुझ्यासाठी डिंक आणून ठेवलाय, अळीव निवडून ठेवलेत, माझ्या दोन जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली आहेत.

परवा सकाळी लॉरी उशिरा आली. कत्तिरीचं ऊन चढलं होतं, इथे या दिवसांतल्या उन्हाला कत्तिरी म्हणतात ते तुला आठवत असेल, आठ वाजता गॅलरीचा कठडा हाताला चटका देतो. बाबांनी डोक्याला पंचा बांधला होता. पहिल्या काही घागरी नेहमीसारख्या आल्या. मग एक घागर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे थांबली. मी कठड्याशी हात पुढे करून उभी, वाटलं, दोर गुंतला. वळून बघते तर बाबा दोन्ही मुठींत दोर घट्ट धरून उभे, आणि चेहरा राखेसारखा. घाम हनुवटीवरून टपटप गळतोय. मी "अहो" म्हटलं. ओढता येत नव्हतं आणि सोडवत नव्हतं. खालून पाट्टी ओरडायला लागली, "सोडा हो! विडुंगो! तण्णी जाऊं दे, घागर जाऊं दे!" यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून. घागर हेलकावत होती, तिच्यातलं पाणी सांडत होतं, आणि खाली कुणीतरी लगबगीने आपलं पातेलं त्या धारेखाली सरकवलं. मला त्या क्षणी काय आठवावं? तुझा तो कुकर. पुस्तकाच्या हिशेबाने त्या वेळी बाबा काहीच काम करत नव्हते, यामिनी. घागर हलत नव्हती. जोर होता, अंतर नव्हतं. शून्य. आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या त्यांचा जीव जातोय की काय असं मला दिसत होतं.

मी डाव्या हाताने दोर त्यांच्या मुठींच्या वर धरला आणि खाली उरलेल्या दोराचे गॅलरीच्या गजाला दोन वेढे मारले. कसे मारले, देव जाणे. मग त्यांची बोटं एकेक करून सोडवली. खाली बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली. त्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या शर्टाच्या खिशातच असते. ती मी काढली तेव्हा तिच्यात माझ्या माहितीपेक्षा जास्त खळगे रिकामे होते. म्हणजे हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मी पट्टी परत त्यांच्या खिशात ठेवली. थोड्या वेळाने रंग परतला. पहिलं वाक्य काय, तर "घागर वर घे, ऊन लागून पाणी तापेल." दुसरं, "यामिनीला यातलं अक्षर कळता कामा नये." तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या शेजाऱ्यांनी येऊन ती घागर ओढून घेतली. त्यांना कामावर जायचं असतं, रोज कुठून येतील?

संध्याकाळी मी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, खूप वेळ बघितली, आणि म्हणाले, भरती व्हा, तपासणी करून घेऊ, गरज पडली तर पुढचं बघू. दोर बंद, जिनाही कमी. बाबा म्हणाले, "डॉक्टर, मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. ते होऊ दे, मग तुमच्या ताब्यात." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी कागद गोळा करून पिशवीत भरले. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, तू आलीस की मी खालच्या खाली पाट्टीकडे तुला न्हाऊ घालीन. तर म्हणाले, "ओली बाळंतीण तीन जिने उतरणार? वेड लागलंय तुला?" आणि काल दिवसभर कागदावर चित्र काढत बसले. आता आणखी एक चल कप्पी, आणि तिच्यासाठी वर आणखी एक स्थिर. घागर चार पदरांवर टांगायची, ओढ आणखी उतरेल. त्याच दोन कप्प्या आणायला आज ते भंगारबाजारात गेलेत. मी त्यांच्या पाठीमागे हिशेब मांडला. काटा समजा साडेसातवर येईल. पण दोर चाळीस मीटर ओढायचा. तीनशे. त्यातले घागरीचे दीडशेच. निम्मं काम पाण्याचं, निम्मं नुसतं कप्प्यांचं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी ते गेलेत. एका कप्पीत ओढ जास्त, चार कप्प्यांत काम जास्त, आणि यांतलं त्यांच्या हृदयाला काय सोसेल ते कुठल्याच पुस्तकात नाही. मी सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. घागरी कमी केल्याशिवाय दुसरं उत्तर येत नाही. आणि तू येणार आहेस म्हटल्यावर ते घागरी कमी करणार नाहीत.

म्हणून हे पत्र. यामिनी, तू बाळंतपणाला येऊ नकोस. हे एवढंच लिहायचं होतं, त्याला मला इतके कागद लागले, आणि सकाळपासून देवापुढे दोन वेळा बसून आले तरी हात धजत नव्हता. आई पहिल्या बाळंतपणाला लेकीला नको म्हणते, असं मी कुणाचं ऐकलं असतं तर मीच नावं ठेवली असती. पण हे माझ्याकडून आलं असं त्यांना कळता कामा नये. तू स्वतः फोन कर, त्यांच्याशीच बोल. सांग की तुला सांगलीलाच राहायचंय, तिथले डॉक्टर तुला बरे वाटतात, प्रवासाची भीती वाटते, काय सुचेल ते सांग. आणि मग त्यांना तिकडे यायची गळ घाल, मी आले तर ते मागून येतील असं नको, आधी त्यांना बोलाव, तुमच्याशिवाय मला धीर नाही म्हण. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आढेवेढे घेतील, विहीणबाईंनाही बोलायला सांग. तिथे आले की देवेशरावांनी त्यांना चांगल्या दवाखान्यात न्यावं, मी सगळे कागद बरोबर घेऊन येईन. ते तुझ्यावर चिडतील. "माहेर नकोसं झालं तुला," असं काहीतरी लागेल असं बोलतील, कदाचित फोन आपटतील, चार दिवस तुझं नाव काढणार नाहीत. ते तू सोस, माझ्यासाठी. मलाही त्यांच्या बाजूने तुला बोल लावावा लागेल, तो खरा समजू नकोस. तू नाही म्हणालीस तर ते रुसून बसतील. मी नाही म्हणाले तर आणखी दोर आणतील.

तुझ्या फोनची वाट बघणारी, तुझीच
आई